समान प्रवेश आणि कर्नलचे दार

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने युरोपीय आयोगाला २००९ मध्ये दिलेल्या हमीकडे बोट दाखवले. हा युक्तिवाद अपुरा आहे. आपल्या सुरक्षा उत्पादनांना प्रणालीत मिळणारा प्रवेश इतरांनाही मिळावा, एवढेच ती हमी सांगते. तो प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच, असावा असे नव्हे. आपली उत्पादने कर्नलबाहेर आणून सर्वांना तेथे समान सोय देता आली असती. ॲपलने २०१९ मध्ये मॅकवर असा मार्ग खुला केला. नियमनच काढल्यास प्रतिस्पर्धी मालकाच्या मर्जीवर राहतील. म्हणून समतेचा नियम राखून प्रवेशाची जागा बदलणे, हेच श्रेयस्कर होय.