पाणी, पंगत आणि प्रार्थना : मराठी ख्रिस्ती लेखनातील बहिष्काराचा प्रश्न

धर्मांतराने जात संपते, हे गृहीतक मराठी ख्रिस्ती लेखनाकडे पाहताना बहुधा मान्य करून टाकले जाते. प्रत्यक्ष लेखन मात्र त्याला दुजोरा देत नाही. बाप्तिस्मा हा एका क्षणाचा विधी आहे. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, पंगतीत कोणाशेजारी बसावे, हे प्रश्न त्यानंतरही दीर्घकाळ उरतात. बाहेरच्या समाजाने घातलेल्या बहिष्काराची चर्चा या लेखनासंदर्भात पुष्कळ झाली. ख्रिस्ती मंडळीच्या आत वावरणाऱ्या बहिष्काराची चर्चा त्या मानाने अल्प आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची प्रतिष्ठा या उणिवेला अंशतः कारणीभूत आहे. 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाचे कौतुक मराठी समीक्षेने प्रामुख्याने त्यातील विनोद, निवेदनाचा मोकळेपणा आणि घरगुती भाषा यांसाठी केले. ते रास्तच आहे. परंतु त्या विनोदाचा विषय काय आहे, हे विचारले तर वेगळीच संहिता उलगडू लागते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो राहुरीस 1900 मध्ये घेतला. मधली पाच वर्षे ही निवेदनाची खरी रणभूमी आहे. काही काळ विभक्त राहिल्यानंतर पतीजवळ परतलेली ही स्त्री आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे राखते. जातिभेद ईश्वरनिर्मित की मनुष्यनिर्मित, हा प्रश्न ती कोणत्याही धर्मशास्त्राच्या आधारे सोडवत नाही. स्वतःशीच विचार करून सोडवते. लक्षणीय बाब अशी की हा निर्णय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. येथे धर्मांतर हे जातित्यागाचे कारण ठरत नाही. उलट जातित्यागाने धर्मांतराची वाट मोकळी होते.

या क्रमाला सैद्धांतिक महत्त्व आहे. सहिष्णुता आणि स्वीकार या दोन संकल्पनांत फरक करावा लागतो. सहिष्णुतेत उंबरठा शाबूत राहतो. आतील माणूस बाहेरच्याला सहन करतो, आणि सहन करण्याचा अधिकार स्वतःकडेच ठेवतो. स्वीकारात उंबरठ्याचीच जागा बदलते. ‘स्मृतिचित्रे’तील स्थित्यंतर पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ते विचारापेक्षा सवयीच्या पातळीवर घडते.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा उंबरठा निराळ्या ठिकाणी दिसतो. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्याच्या सिद्धांतापासून क्रुसावरील लॅटिन अक्षरांपर्यंत अनेक बाबींवर त्या वाद घालतात. संस्कृतऐवजी लॅटिन का, हा त्यांचा प्रश्न वरवर किरकोळ भासतो. वस्तुतः त्यात नव्या धर्मसमाजात प्रवेश मिळण्यासाठी आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागते काय, असा मूलगामी आक्षेप आहे. जात हे बहिष्काराचे एकमेव रूप नव्हते, हे यातून स्पष्ट होते.

पंथभेद हे तिसरे रूप. मिशनसंस्थांनी प्रदेश वाटून घेतल्यामुळे अहमदनगर भागातील ख्रिस्ती माणूस अमेरिकन मराठी मिशनचा झाला, तर बुलढाणा आणि आज (1998 पासून) स्वतंत्र जिल्हा असलेल्या वाशीमच्या परिसरात चर्च ऑफ द नाझरीनचा प्रभाव राहिला. ‘आपली’ मंडळी कोणती, हे पुष्कळदा श्रद्धेपेक्षा भूगोलाने ठरविले. टिळकांनी 1917 मध्ये मिशनशी असलेला संबंध सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही स्थान दिले. मंडळीची सीमा विधीने नव्हे तर भक्तीने आखावी, असा हा प्रस्ताव होता. वारकरी परंपरेत मुरलेल्या कवीलाच तो सुचावा, हे स्वाभाविक होय. 1919 मध्ये टिळकांचे निधन झाले आणि प्रयोगाला संस्थेचे बळ लाभले नाही.

तथापि या तिन्ही लेखकांची एक समान मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. तिघेही ब्राह्मण कुळातून आलेले आहेत. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी असताना, त्यांचा अनुभव या लेखनात बहुतांशी पाहिला जातो, बोलत नाही. लक्ष्मीबाई ज्यांच्या हातचे पाणी स्वीकारतात, त्यांना त्या स्वीकाराविषयी काय वाटले, हे ‘स्मृतिचित्रे’ सांगू शकत नाही. त्याग करणाऱ्याची कथा वाङ्मय होते. ज्याच्यासाठी त्याग केला असे म्हटले जाते, त्याची कथा परिघावर राहते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता ठेवला; पुढे शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये तो लाभला, दलित ख्रिस्ती मात्र त्याबाहेरच राहिले. मंडळीत जात विसरली जात नाही आणि कायद्यात ती ओळखली जात नाही, असा हा दुहेरी पेच आहे.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन म्हणजे एका अभिजात ग्रंथाची प्रतिष्ठा कमी करणे नव्हे. आपल्या मनातील विटाळ इतक्या निःसंकोचपणे मांडणारी लेखिका मराठीत दुर्मीळ आहे, आणि त्या प्रांजळपणामुळेच तिच्या संहितेत न बोललेल्यांची जागा रिकामी असल्याचे दिसू शकते. ही रिकामी जागा ओळखणे समीक्षेचे काम आहे. ती भरणे दलित ख्रिस्ती लेखनाचे. पहिले झाल्याखेरीज दुसऱ्याला वाचक मिळणे कठीण.