‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : पुरावा आणि हेतुनिर्णय

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची चर्चा प्रामुख्याने स्त्रीची कोंडी व मध्यमवर्गीय दांभिकता या अंगांनी झाली आहे. तथापि दृश्य पुराव्यावरून व्यक्तीचा हेतू कसा ठरविला जातो, या दृष्टीनेही त्याचा विचार होणे आवश्यक आहे.

लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि त्यासाठी कलम ३०२ लावले जाते. वास्तविक तत्कालीन दंडविधानात हे कलम खुनाच्या शिक्षेचे होते. गर्भपाताविषयीचे कलम ३१२ होते. सुखात्मे वकील असूनही हे कोणास खटकत नाही, यावरून या न्यायालयाची जातकुळी ध्यानात येते.

साक्षींचे स्वरूप याहून उद्बोधक आहे. बेणारेने आपणास लग्नाविषयी विचारले, असे पोंक्षे सांगतो. रोकडेलाही तिने विचारल्याचे पुढे उघड होते. यातून निष्कर्ष निघतो तो तिच्या चारित्र्यहीनतेचा. परंतु पोटातील जिवाला बाप मिळावा म्हणून जी स्त्री एकामागून एक पुरुषापुढे पदर पसरते, तिचा उद्देश तो जीव नष्ट करण्याचा कसा मानावा? फिर्यादी पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा हाच मूळ आरोपाचे खंडन करतो आणि एकाही पात्रास ही विसंगती जाणवत नाही. पर्समधील विषाची बाटली तेवढी या तर्काच्या आड येते. मात्र तीही आत्मनाशाकडे निर्देश करते. त्यात गर्भाचाही अंत आहे, पण तो उद्दिष्ट म्हणून नव्हे.

सामंताची साक्ष तर हातातील कादंबरीवरून रचलेली. ती ऐकून बेणारेचा जो क्षोभ होतो, तोच पुरावा म्हणून स्वीकारला जातो. बनावट साक्ष सत्याला जाऊन भिडते आणि खऱ्या साक्षींतून विपर्यास निष्पन्न होतो. अनुपस्थित प्रा. दामले यांच्या हेतूची चौकशी अर्थातच होत नाही. अखेरीस न्यायमूर्ती काशीकर गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतात. ज्या कृत्याचा आरोप, त्याचाच आदेश.

बेणारेच्या दीर्घ स्वगताविषयी मात्र मतभेदास जागा आहे. ते कोर्टाला ऐकू जात नाही, प्रेक्षकाला जाते. तोपर्यंत प्रेक्षकही त्याच तुटपुंज्या पुराव्यावरून तिचे मन वाचत असतो. स्वगताने त्याला थेट उत्तर मिळते आणि त्याची त्या कोर्टातील जबाबदारी काहीशी सैल होते.