प्यादे हत्तीला कसे मारते?

बुद्धिबळात प्यादे तिरपे एक घर सरकते आणि हत्ती पटावरून उचलला जातो. पायदळातल्या एका शिपायाने हत्ती कसा लोळवला, असे कोणी विचारत नाही. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते, आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोन चालू शकते. पण यांपैकी खऱ्या लढाईसारखे काय, यावर कधी भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. एका दुसऱ्या खेळात मात्र नेमके हेच भांडण पन्नासेक वर्षे चालू आहे. शिक्षकांना ते उपयोगी पडेल म्हणून त्याचा विचार करू.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका वीराची भूमिका घेतात आणि गोष्ट बोलत बोलत पुढे जाते. लढाई आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. चिलखत जितके चांगले, तितका वार लागण्याचा संभव कमी. वार लागला तर शत्रूच्या प्राणांकांतून काही अंक वजा होतात. शून्य झाले की तो संपला.

1978 मध्ये स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांचा 'रूनक्वेस्ट' आला. त्यांच्यापैकी काहींना नकली तलवार-ढालीने लढण्याचा प्रत्यक्ष अनुभव होता. चिलखत घातल्याने वार चुकत नाही. वार बसतो, चिलखत तो सोसते, हे त्यांनी नियमांत आणले. म्हणून वार बसला का, समोरच्याने अडवला का, शरीराच्या सात भागांपैकी कुठे लागला, चिलखताने किती थोपवला, असे वेगवेगळे प्रश्न आले.

वाद याहूनही जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात 1824 पासून राइसविट्झ यांचा युद्धखेळ फासे आणि कोष्टके घेऊन खेळला जाई. 1876 मध्ये फेर्डी द्यु फेर्नुआ यांनी कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला.

आता थोडे गणित करू. 1974 च्या नियमांत साध्या माणसाचे प्राणांक एका सहाबाजू फाशाने ठरत आणि वाराची इजाही तशाच फाशाने. इजा प्राणांकांइतकी किंवा जास्त असण्याचा संभव 36 पैकी 21. वार लागण्याचा संभव निम्मा धरला, तर एका फेरीत शत्रू पडण्याचा संभव सुमारे 29 टक्के. आता तपशिलाचा मार्ग घ्या. समजा, वार बसण्याचा संभव 60 टक्के, तो न अडवला जाण्याचा 60 टक्के आणि चिलखत भेदून प्राणघातक ठरण्याचा 80 टक्के. गुणाकार करा : 28.8 टक्के! म्हणजे कोण जिंकणार, एवढाच प्रश्न असेल तर जास्तीच्या फाशांनी आपल्याला नवे काही सांगितले नाही. उलट, हे तिन्ही आकडे अंदाजाचेच. प्रत्येक अंदाज दहा टक्क्यांनी वाढीव असेल, तर गुणाकारात चूक 33 टक्क्यांची होते. तपशील वाढला की चुकण्याच्या जागाही वाढतात.

मग 'रूनक्वेस्ट'चे श्रम वाया गेले का? नाही. शिरस्त्राण विकत घ्यावे की पायाचे चिलखत, हा प्रश्न त्या खेळात विचारता येतो. पहिल्या खेळात तो विचारताच येत नाही. पहिल्या खेळाचा खरा दोष मला वेगळाच वाटतो. प्राणांक म्हणजे केवळ शरीर नव्हे, त्यात दैव आणि कौशल्यही येते, असा खुलासा गायगॅक्स यांनी 1979 च्या पुस्तकात केला. पण जखमा भरण्याचा मंत्र म्हटला की तेच अंक परत मिळतात! नियम ढोबळ असायला हरकत नाही. पण एकच राशी दोन अर्थांनी वापरली की नमुना फसवू लागतो.

ही चूक खेळापुरती नसते. काही वर्षांपूर्वी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. 'लोणारचे विवर कसे झाले?' या विषयावर दोन प्रतिकृती होत्या. एकीत थर्माकोलचे डोंगर, देवळे, झाडे, हिरवे पाणी, सगळे हुबेहूब. दुसरीत परातीत वाळू आणि चार गोट्या. गोटी किती उंचीवरून टाकली की खड्डा किती रुंद होतो, याचा तक्ता. पहिला क्रमांक मी पहिलीला दिला. घरी परतताना लक्षात आले की 'कसे झाले' याचे उत्तर फक्त परातीत होते. त्या मुलांना मी नकळत शिकवले की विज्ञान म्हणजे सजावट. ती चूक आजही बोचते.

अर्थात परातही एका जागी फसते. गोटी तिरपी मारली तर खड्डा लांबट होतो. खरी उल्का तिरपी आली तरी बहुधा गोल विवर होते, कारण तिच्या प्रचंड वेगामुळे आघात स्फोटासारखा असतो. हेही मुलांना करून पाहू द्यावे.

म्हणून कोणतीही प्रतिकृती तपासताना 'हुबेहूब आहे का?' हा प्रश्न आधी विचारू नका. ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, काय वगळते आणि वगळलेले कुठे महागात पडते, हे तीन प्रश्न विचारा. वर्गात सुरुवात बुद्धिबळाच्या पटापासून करता येईल. प्यादे हत्तीला कसे मारते, हे मुलांनाच विचारून पाहा.