चुकार शस्त्रवैद्य?

सर अर्ल पेज ह्यांचें 'ट्रुअंट सर्जन' हें आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९६३ सालीं, प्रसिद्ध झालें. नांवाचा अर्थ 'चुकार शस्त्रवैद्य'. उपशीर्षकांत ऑस्ट्रेलियाच्या राजकारणांतील चाळीस वर्षांच्या अंतःस्थ हकीकतीचें आश्वासन आहे. वैद्य पळाला आणि राजकारणी तेवढा उरला, अशी ही मुखपृष्ठावरील कबुलीच होय. ती आम्हांस मान्य नाहीं.

पेज १८८० सालीं न्यू साउथ वेल्समधील ग्राफ्टन गांवीं जन्मले. सिडनीस वैद्यकाची पदवी मिळवून ते गांवाकडे परतले, तेथें त्यांनीं खासगी रुग्णालय चालविलें, आणि १९१९ सालीं ते प्रतिनिधिगृहांत निवडून आले. क्लॅरन्स नदीपासून वीज निघावी, उत्तर भागाचें निराळें राज्य व्हावें, हे त्यांचे ध्यास ग्रामस्थाचेच होते. १९४९ ते १९५६ ह्या काळांत आरोग्यमंत्री असतां त्यांनीं उभारलेल्या योजनेंतही गांवचा वैद्यच बोलतो: वैद्यास सरकारी नोकर करूं नये, ऐच्छिक विम्यास सरकारनें हातभार लावावा. तिचा दोषही तेथेंच आहे. ज्यानें विमा उतरला नाहीं तो गरीब बाहेर राहिला. १९७५ सालीं सार्वत्रिक योजना आणावी लागली.

मग वैद्य चुकला कोठें? आमच्या मतें, एप्रिल १९३९ मध्यें. पंतप्रधान लायन्स वारल्यावर पेज एकोणीस दिवस त्या पदावर होते. २० एप्रिल रोजीं भर सभागृहांत त्यांनीं मेंझिस ह्यांस पहिल्या महायुद्धांत रणांगणावर न गेल्याबद्दल हिणविलें. दुखरी जागा कोठें आहे हें वैद्यास कळतें, परंतु तो तेथें बोट ठेवतो तें उपचारासाठीं. येथें उपचाराचा हेतु नव्हता. ह्या आघाताचें फळ पेज ह्यांसच भोगावें लागलें: स्वपक्षांतील कांहीं सभासद दुरावले, आणि त्याच वर्षीं अठरा वर्षांचें पक्षनेतृत्व सुटलें. पुढें १९४९ सालीं त्यांस आरोग्यखातें दिलें तें ह्याच मेंझिस ह्यांनीं. हें औदार्य लक्षांत घेतलें म्हणजे त्या भाषणाचा कोतेपणा अधिकच जाणवतो.

डिसेंबर १९६१ च्या निवडणुकींत बेचाळीस वर्षांचा मतदारसंघ हातचा गेला. ती वार्ता कळण्यापूर्वींच अत्यवस्थ पेज निवर्तले. आत्मचरित्राचें नांव त्यांनीं रुग्णालय सोडल्याचा दोष मान्य करतें. तो दोष आम्ही मानीत नाहीं. परंतु वैद्याची जी मर्यादा त्यांनीं त्या एका दिवशीं सोडली, तिचा जाब ह्या पुस्तकाच्या वाचकानें अवश्य मागावा.