चांदी आणि बेडी

बाल्टिमोरची मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी १८४४ साली स्थापन झाली. १९९२ साली फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने तिच्याच संग्रहातील वस्तू तिथे नव्याने मांडल्या. ‘धातुकाम १७९३–१८८०’ या पाटीखाली नक्षीदार चांदीची भांडी होती आणि त्यांच्या मधोमध गुलामाच्या बेड्या. उंची खुर्च्यांसमोर फटके मारण्याचा खांब उभा होता. फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन, बेंजामिन बॅनेकर ही मेरीलँडमध्येच जन्मलेली माणसे. त्यांच्या नावांचे चौथरे रिकामे होते. अर्धपुतळे होते, त्यांत एक नेपोलियनचा!

बेड्या संस्थेजवळ होत्याच. म्हणजे पुरावा नव्हता ही सबब टिकत नाही. चांदी दालनात आणि बेडी कोठारात राहिली की मालकाची अभिरुची तेवढी ‘संस्कृती’ ठरते; ती ज्यांच्या श्रमावर पोसली ती माणसे इतिहासातून बाद होतात.

विल्सनने हा कावा उघडा पाडला. पण बेडी हीदेखील मालकाचीच वस्तू. ती गुलामाचे दुःख सांगेल, त्याचे मन सांगणार नाही. त्यासाठी डग्लसला १८४५ साली स्वतःचे आत्मकथन लिहावे लागले. दलित आत्मकथनांकडे निव्वळ व्यथांची नोंद म्हणून पाहणाऱ्या समीक्षकांनी हा फरक ध्यानात घ्यावा.