पलटण आपली, मैदान परक्याचे

नाटकावर, कादंबरीवर, गाण्याच्या मैफलीवर आपण दिवाळी अंकांतून हिरिरीने वाद घालतो. ज्या खेळापुढे हजारो माणसे तिकीट काढून बसतात, त्याची समीक्षा मात्र गुणफलकावर सोपवून मोकळे होतो. गुणफलक कोण जिंकले एवढेच सांगतो. प्रेक्षकाच्या पदरात काय पडले, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते काम कोणी तरी करावे म्हणून हा खटाटोप.

माझा विषय पुणेरी पलटण. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हापासूनचा हा धंदेवाईक संघ. पहिल्या दोन्ही हंगामांत आठ संघांत आठवा आला. तरीही आमच्या संत तुकारामनगरातली मंडळी नाशिक फाटा, पिंपळे सौदागर, वाकड असे करीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जात राहिली, आणि मीही त्यांच्यातलाच. शाळेतली मुले सोमवारी वर्गात चढाईपटूंची नावे अशी घडाघडा म्हणत, की तशी पाढ्यांची उजळणी कधी ऐकायला मिळाली नाही.

या संघावर पहिला आक्षेप येतो तो नावाचा. पुणेरी कसला? कोणी हरियाणाचा, कोणी तमिळनाडूचा, कोणी थेट इराणचा. लिलावात घेतलेली ही माणसे पुण्याची कशी? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण 'पलटण' हा शब्द तरी कुठे आपला? फिरंगी फौजांबरोबर तो इकडे आला, इथेच राहिला आणि मराठी झाला. आणि खेळाडू पैशासाठी संघ बदलतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या नाटक मंडळ्या आठवाव्यात. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. म्हणून रसिकांनी नाटके पाहणे सोडले नाही. बिऱ्हाड बदलले तरी गळा तोच होता. तेव्हा बिदागीने आपलेपणा मरतो, हे मला मान्य नाही.

मग तो कशाने मरतो? याचे उत्तर मला २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बालेवाडीतच मिळाले.

त्या वर्षी लीगचा शेवटचा टप्पा पुण्याला होता, बाद फेरी आणि अंतिम सामनाही इथेच. पण घरचा संघ बाद फेरीपर्यंत पोहोचलाच नाही. लग्न आपल्या मांडवात आणि नवरदेव भलताच, अशी गत. आमच्या शेजारचे अण्णा माझ्याबरोबर होते. सत्तरी ओलांडलेली, उमेदीत कारखान्याच्या संघातून मातीवर हुतुतू खेळलेले. वाटेत म्हणाले, "मास्तर, आपली पलटण नाही, मग आपण कुणाला ओरडायचं?"

"बघू, अण्णा. खेळ तर आहे."

हरियाणा स्टीलर्स आणि पाटणा पायरेट्स यांचा सामना. हरियाणाकडून महंमदरझा शादलुई हा इराणी गडी उतरला, तसे अण्णांनी माझा दंड धरला. "हा आपला ना हो?"

"मार्चपर्यंत होता."

खरेच होते ते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणीने याच हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार कप्तान होता, पंकज मोहितेने अंतिम सामन्यात चढाया गाजवल्या, आणि हा शादलुई त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. आता तोच समोरच्या गोटात! अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग शादलुईने एक पकड अशी केली, की चढाईपटूला मध्यरेषा दिसेनाशी झाली. अण्णा उठून टाळ्या वाजवू लागले. "पकड अशी पाहिजे! कुणाचा का असेना!"

हरियाणा ३२-२३ ने जिंकले. मला मात्र त्या टाळीत खरा रसिक दिसला. संघावर प्रेम करीत करीत माणूस खेळावर प्रेम करायला शिकतो. धंदेवाईक संघाने गावाला द्यायचे ते हेच. म्हणून माझी तक्रार आहे ती या शिक्षणाच्या आड येणाऱ्या दोन गोष्टींबद्दल.

पहिली गोष्ट गोंगाटाची. कबड्डीचा प्राण दमात आहे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, 'कबड्डी, कबड्डी' असा दम घुमवतो, आणि त्या एका श्वासात सात जणांशी झुंजतो. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. ती असावी; खेळ त्याने चपळ झाला, तिसऱ्या चढाईची चुरस वाढली, यात वाद नाही. पण कर्ण्यांतून असे गाणे आदळते की दम ऐकूच येत नाही. टाळी कधी वाजवायची तेही निवेदक सांगतो. मैफलीत तंबोऱ्याचे कान पिरगाळून ढोल बडवावा, तसा हा प्रकार. अण्णा म्हणाले, "मातीवर पोरगं दम तोडत होतं की नाही, ते आम्ही डोळे मिटून सांगायचो." ही जाण आमच्या पोरांना कोणी द्यायची?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. पलटणीचे तीन अंतिम सामने पाहा. १७ डिसेंबर २०२२: मुंबई, जयपूरकडून २९-३३ ने हार. २०२४: हैदराबाद, विजय. ३१ ऑक्टोबर २०२५: दिल्ली, दबंग दिल्लीकडून २८-३१ ने हार. आणि २०२५ च्या हंगामात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली इथे सामने झाले. पुण्याच्या वाट्याला एकही आला नाही. म्हणजे सामने घरी आले तेव्हा संघ गारद, आणि संघ अंतिम फेरीत गेला तेव्हा घराला कुलूप! त्या रात्री आमच्या इमारतीत दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरले नव्हते. सगळे एका खोलीत दूरचित्रवाणीपुढे बसलो आणि तीन गुणांनी हरलो. मुले रडली. पण ज्यांच्यासाठी ती रडली, त्या खेळाडूंना त्यांनी त्या हंगामात एकदाही प्रत्यक्ष पाहिले नव्हते.

हे किती नाजूक असते याचा दाखला आमच्या शेजारीच आहे. नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकीचे मैदान आहे. नदीपलीकडची खडकी ही तर धनराज पिल्ले यांची जन्मभूमी. २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स नावाचा संघ निघाला. अंतिम सामन्यापर्यंत गेला, मुंबईत शेर-ए-पंजाबकडून २-५ असा हरला. पुढचा हंगाम झालाच नाही. आज वर्गात ते नाव घेतले तर एकही हात वर होत नाही. हॉकी इंडिया लीग २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. एका हंगामात प्रेक्षक जमतात. त्यांचे रसिक व्हायला वर्षे लागतात.

पलटण टिकली, हे तिचे मोठे पुण्य. आठवी येऊनही टिकली आणि दहाव्या हंगामात अजिंक्य झाली. आता तिच्या कारभाऱ्यांकडे आणि लीग चालवणाऱ्यांकडे मागणे एवढेच, की वर्षातून थोडे दिवस तरी तिला घरी आणा. आणि एखाद्या सामन्यात, अगदी शेवटच्या चढाईपुरते का होईना, ते कर्णे बंद ठेवा. अण्णांनी त्या दिवशी डोळे मिटून बसायचे कबूल केले आहे.