गाढवाच्या केसांची दिशा

स्टीव्हन बोग्नार आणि ज्युलिया रायकर्ट यांची ‘अमेरिकन फॅक्टरी’ (२०१९) ही डॉक्युमेंट्री बहुतेक जण चिनी आणि अमेरिकन संस्कृतींच्या टकरीची गोष्ट म्हणून पाहतात. ऑस्करनंतर तर हे लेबल पक्कंच झालं. फिल्म मात्र त्याहून तिखट आहे.

२००८मध्ये ओहायोतल्या डेटनजवळचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद पडला. पुढे त्याच इमारतीत फुयाओ ही चिनी कंपनी गाड्यांच्या काचा बनवू लागली. आधी तासाला २९ डॉलरच्या वर कमावणारी एक कामगार आता १२.८४ डॉलरवर आलीय. हे आकडे डोक्यात ठेवून पुढचं पाहायचं.

चिनी स्टाफचा एक क्लास होतो. अमेरिकन मुलांना लहानपणापासून कौतुकाची सवय असते, तेव्हा त्यांना गोंजारून घ्या. गाढवाला केसांच्या दिशेनेच कुरवाळायचं असतं! हसू येतं, पण ऑनसाइटला जाण्याआधी ‘कल्चर ट्रेनिंग’ला बसलेल्या कुणालाही हा क्लास ओळखीचा वाटेल. तिथे भाषा सभ्य असते, एवढंच. समोरच्याकडून काम कसं काढून घ्यायचं, हा प्रश्न तोच.

फिल्मला निवेदक नाही. ती नुसती दृश्यं शेजारी ठेवते. अमेरिकन सुपरवायझर चीनमधल्या कारखान्यात लष्करी थाटाची हजेरी बघतात आणि परतल्यावर तशीच रांग लावून पाहतात. मालक त्साओ देवांग यांची कंपनी युनियन रोखायला सल्लागार नेमते, जो अस्सल अमेरिकन धंदा आहे. २०१७च्या मतदानात ८६८ विरुद्ध ४४४ अशी युनियन हरते. म्हणजे सोयीची असेल तेव्हा मॅनेजमेंट दुसऱ्याची संस्कृती पटकन शिकते. ‘फरक’ आठवतो तो पगार आणि सुरक्षिततेचा विषय निघाला की.

शेवटाबद्दल मात्र तक्रार आहे. ऑटोमेशनमुळे जगभर किती कोटी लोकांना नवं काम शोधावं लागेल, अशी पाटी येते. हवामानाचा अंदाज सांगावा, तशी. पण त्याआधीच एक मॅनेजर मालकाबरोबर चालत, हळू काम करणारी कुठली माणसं कमी करणार ते सांगत असतो. निर्णय कोण घेतंय, हे कॅमेऱ्याने पकडलं होतं. पाटीने ते पुसट केलं. तुम्ही पाहाल तेव्हा पाटी सोडा, ते चालणं नीट बघा.